न्यूबर्नला जायचं असेल तर

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात हेल काउंटी आहे आणि त्या काउंटीत न्यूबर्न नावाचं गाव. २०२०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १३३ भरली, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. तरी जगभरचे आर्किटेक्ट या गावाची वाट विचारत येतात, कारण ऑबर्न विद्यापीठाचा रूरल स्टुडिओ इथे आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी इथे येऊन राहतात, गावकऱ्यांसाठी घरं, वाचनालय, अग्निशमन केंद्र असं काय काय आखतात आणि स्वतःच्या हातांनी बांधतात. गेल्या ऑक्टोबरात मी तिथे जाऊन आले. निघण्याआधी मराठीत काही वाचायला मिळेल म्हणून खूप शोधलं, हाती काही लागलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी लातूरची, व्यवसायाने आर्किटेक्ट. रूरल स्टुडिओ सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोन प्राध्यापकांनी १९९३ साली सुरू केला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे आमच्याकडे किल्लारीचा भूकंप झाला. पुढची कित्येक वर्षं आम्ही नवी गावं उभी राहताना पाहिली. सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं, आणि बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा हे विचारत फिरणारी माणसं. घर कुणासाठी बांधतोय हे त्या माणसाशी बसून बोलल्याशिवाय कळत नाही, हे मी पुस्तकात नंतर वाचलं, पाहिलं आधी. त्यामुळे मॉकबींचं काम पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून तिथे जायचं मनात होतं.

योग यायला बरीच वर्षं गेली. माझा दादा अटलांटाला असतो. यंदा दसऱ्यानंतर त्याच्याकडे जायचं ठरलं आणि नकाशा पाहिला तर न्यूबर्न तिथून गाडीने साधारण चार तासांवर. रेल्वे, बस यांचा काही उपयोग नाही. आपली गाडी लागते, हे आधीच धरून चाला.

म्हणून पहिलं काम आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचं. ते भारतातून निघण्याआधीच करावं लागतं. ऑगस्टमध्ये मी परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरला. फॉर्म ४ए, चालू वाहन परवाना, पासपोर्ट, व्हिसा, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि १००० रुपये फी. कागद अपलोड करताना फाइलचा आकार मोठा झाला की पोर्टल घेत नाही, तेव्हा स्कॅन आधीच लहान करून ठेवा. मूळ कागद घेऊन आरटीओत एक चक्कर झाली, खिडकीवरच्या बाईंनी व्हिसाचं पान नीट निरखून पाहिलं, आणि दीड-दोन आठवड्यांत परवाना हातात आला. तो एक वर्ष चालतो. मूळ भारतीय परवाना सोबत ठेवावाच लागतो, नुसता हा दाखवून भागत नाही.

दुसरं काम पत्राचं. रूरल स्टुडिओच्या संकेतस्थळावर भेटीसंबंधी माहिती असते, ती आधी वाचावी. मी सप्टेंबरात लिहिलं. कोण आहे, किती जण येणार, काय पाहायचंय, का पाहायचंय, सगळं चार ओळींत. आठवड्याच्या मधला, कामाचा दिवस मागितला, कारण विद्यार्थी साइटवर काम करताना पाहायचे होते. तारीख मिळाली तेव्हा एक गोष्ट पक्की कळली होती, ती इथे ठळक सांगते. विद्यार्थ्यांनी बांधलेली घरं ही लोकांची राहती घरं आहेत. सार्वजनिक इमारती खुशाल पाहाव्यात, पण घरांसमोर गाडी थांबवून फोटो काढत बसू नये, दार वाजवू नये. वाचायला हे साधं वाटतं. प्रत्यक्षात, ज्या घराचे आराखडे आपण कॉलेजात गिरवले ते रस्त्याच्या कडेला उभं दिसतं तेव्हा पाय आपोआप ब्रेककडे जातो.

या कारणाने मी मेसन्स बेंड यादीतून काढून टाकलं. रूरल स्टुडिओचं पहिलं घर, गवताच्या गासड्यांच्या भिंतींचं, १९९४ साली तिथल्या ब्रायंट कुटुंबासाठी बांधलं गेलं. मोटारीच्या जुन्या काचा खवल्यांसारख्या रचून केलेलं समाजमंदिरही तिथलंच. मनात फार होतं. पण ती चारदोन कुटुंबांची वस्ती. तीस वर्षं लोक त्यांच्या अंगणात कॅमेरे घेऊन येताहेत. आणखी एका गाडीची त्यांना गरज नाही, असं मला वाटलं. वहिनींनाही पटलं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादाला सुट्टी नव्हती, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी येते गं. वीस वर्षं इथे राहून अलाबामा फक्त विमानातून पाहिलंय." त्या शहरात गाडी चालवतात, महामार्गावर नाही, त्यामुळे गाडी माझ्या नावावर भाड्याने घेतली. दिवसाला साधारण साठ डॉलर, विमा वेगळा. काउंटरवर क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागलं, दादाचं कार्ड चाललं नाही, आणि त्यावर अडीचशे डॉलर अडकवून ठेवले ते गाडी परत दिल्यावर चार दिवसांनी सुटले. भारतीय बँकेच्या कार्डावर परदेशातला व्यवहार सुरू आहे की नाही, हे निघण्याआधी पाहून घ्या. गाडी राज्याबाहेर नेता येते ना, हेही विचारून घ्या.

मुक्काम अलाबामातल्याच टस्कलूसा शहरात केला. न्यूबर्नला ग्रीन्सबरो हे गाव जवळ आहे, पण टस्कलूसाला हॉटेलं पुष्कळ. एकच अडचण, शरद ऋतूत तिथे अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉलचे सामने असतात, आणि ज्या शनिवारी सामना घरच्या मैदानावर असेल त्या आठवड्याच्या शेवटी खोली मिळत नाही किंवा दर तिप्पट होतो. आधी सामन्यांचं वेळापत्रक पाहावं, मग तारीख ठरवावी. आम्हाला मंगळवारी एकशे दहा डॉलरला खोली मिळाली. अलाबामात शिरताना घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे जाताना वेळ हाताशी राहतो. येताना तोच तास कापला जातो, अंधार लवकर गाठतो.

सकाळी टस्कलूसाहून ६९ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला निघालो. वाटेत माउंडव्हिलला मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी रचलेले मातीचे उंच टेकाड आहेत. तिथे उतरलो नाही. त्यापुढे रस्ता मोकळा होत जातो. कुठे कापसाची वावरं, कुठे चौकोनी तळी. तळी मासळीची, कॅटफिशची. आणि नांगरलेल्या पट्ट्यांत दिसली ती काळी माती.

या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. गुलाम माणसांच्या कष्टावर इथे कापूस पिकला, आणि आजही इथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची आणि गरीब आहे. मी एका ठिकाणी गाडी बाजूला घेऊन उतरले आणि ढेकूळ उचलून चुरडलं. आमच्या काळ्या रानाची चिकटी हाताला लगेच ओळखू आली. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, घराचा पाया वर्षभर खालीवर होत राहतो. पाणी मुरत नाही म्हणून तळी टिकतात, पण त्याच कारणाने शोषखड्डे चालत नाहीत. सांडपाणी परत अंगणात येतं. या भागातल्या कित्येक घरांना हा जाच आहे, आणि गेली काही वर्षं रूरल स्टुडिओ घरांबरोबर सांडपाण्याच्या प्रश्नावरही काम करतो आहे. छायाचित्रांत हे दिसत नाही. लातूर, धाराशिवकडच्या कुणी आर्किटेक्टने इथे यावं असं मला वाटतं ते या मातीसाठी.

ग्रीन्सबरो हे काउंटीचं ठाणं. तिथे लायन्स पार्क पाहिलं. २००६पासून एकेका तुकडीने त्यात भर घातली आहे. पुदिन्याच्या तेलाची रिकामी पत्र्याची पिंपं एकावर एक, एकाशेजारी एक लावून मुलांसाठी खेळायचा चक्रव्यूह केलाय. एक छोटी मुलगी आत धावत होती आणि तिचा आवाज भलत्याच पिंपातून बाहेर येत होता. तिथून सेफ हाऊस संग्रहालय. २१ मार्च १९६८ला, हत्येच्या दोन आठवडे आधी, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांपासून वाचवण्यासाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना इथल्या एका साध्या लाकडी घरात लपवून ठेवलं होतं. ते घर जपण्याचं आणि शेजारच्या घराशी जोडण्याचं काम २०१०मध्ये विद्यार्थ्यांनी केलं. इथेही वेळ आधी फोन करून ठरवावी लागते. घर इतकं लहान आहे की दोघी एकदम खोलीत उभ्या राहिलो तर तिसऱ्याला जागा नाही. वहिनी बराच वेळ खिडकीपाशी होत्या. रात्री इथून बाहेर पाहताना काय वाटलं असेल, एवढंच म्हणाल्या.

ग्रीन्सबरोहून न्यूबर्न दहा मैल. मोबाइलचं नेटवर्क मधूनमधून जातं, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. पेट्रोल ग्रीन्सबरोतच भरा. शाकाहारी असाल तर डबाही सोबत असू द्या. वहिनींनी तिखटामिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घेतलं होतं, दुपारी त्यावरच निभावलं.

न्यूबर्नचा रस्ता एकच म्हणायचा. त्यावर ओळीने विद्यार्थ्यांच्या इमारती. अग्निशमन केंद्र २००५च्या सुमाराचं. गावात शंभर वर्षांहून जास्त काळानंतर बांधलेली ती पहिली नवी सार्वजनिक इमारत. शेजारी २०११चा टाऊन हॉल, सायप्रसच्या चौरस तुळया एकावर एक रचून केलेल्या भिंतींचा. मी हात लावून पाहिला. लाकूड उन्हाने रुपेरी झालंय, सांधे अजून घट्ट आहेत. पलीकडे जुन्या बँकेच्या विटांच्या इमारतीत २०१३चं वाचनालय.

या टाऊन हॉलची एक हकिगत इमारतीच्या पुस्तकांत नसते. २०२०मध्ये पॅट्रिक ब्रॅक्स्टन हे न्यूबर्नचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. पण कारभार त्यांच्या हाती आला नाही. टाऊन हॉलची कुलपंसुद्धा बदलल्याचं त्यांनी न्यायालयात सांगितलं. २०२४मध्ये तडजोड होऊन त्यांना पद मिळालं, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये गावात रीतसर निवडणूक झाली ती त्यांनी जिंकली. मी त्या दारासमोर उभी होते तेव्हा या गोष्टीला दोन महिनेच झाले होते. दार कितीही चांगलं बनवलं तरी किल्ली कुणाकडे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना सोडवता येत नाही. तरीही ते दार आहे म्हणून त्या भांडणाला एक जागा होती, असंही मला वाटलं.

दुपारी ठरल्या वेळेला मॉरिसेट हाऊसपाशी पोचलो. हे जुनं लाकडी घर म्हणजे स्टुडिओचं ठाणं. आम्हाला फिरवायला एक विद्यार्थिनी आली. पायात सिमेंटने पांढरे झालेले बूट, कमरेला टेप. तिने आधी शेत दाखवलं, पाण्याने भरलेल्या पिंपांच्या भिंतीवर ऊब साठवणारं हरितगृह दाखवलं, मग सुपरशेड. लांबच लांब उंच छप्पर आणि त्याच्या सावलीत विद्यार्थ्यांनी राहायला बांधलेल्या एकेक खोल्या. एकीच्या भिंती मेण लावलेल्या टाकाऊ पुठ्ठ्याच्या गासड्यांच्या आहेत. वहिनींनी तिला विचारलं, "हे पोरीसुद्धा करतात? काँक्रीट, वेल्डिंग?" मी भाषांतर करायच्या आधीच ती हसली, कारण वहिनींनी हाताने वेल्डिंगची खूण केली होती. तिने तळहात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता.

वीस हजार डॉलरमध्ये घर बांधायच्या स्टुडिओच्या योजनेबद्दल मी तिला खूप विचारलं. २००५ला ही योजना सुरू झाली. गावातला निवृत्तिवेतनावरचा माणूस महिन्याला किती हप्ता फेडू शकेल, तिथून हिशेब उलटा मांडत गेले आणि वीस हजारांचा आकडा आला. त्यातले बारा हजारांच्या आसपास सामानाचे, उरलेले मजुरीचे आणि ठेकेदाराच्या नफ्याचे. आमच्याकडे घरकुलाचा आकडा सरकार ठरवतं आणि घर त्यात कोंबलं जातं. इथे फेडणाऱ्याच्या खिशापासून सुरुवात झाली. काळानुसार खर्च वाढला, पण विचारायचा प्रश्न तोच राहिला आहे.

आणि मग आम्ही त्या जागेपाशी आलो जिच्यासाठी मी मुख्यतः आले होते.

सॅम्युएल मॉकबी ३० डिसेंबर २००१ला रक्ताच्या कर्करोगाने गेले. वय ५७. आदल्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली होती. २००४मध्ये अमेरिकन वास्तुविशारद संस्थेचं सुवर्णपदक मिळालं तेव्हा ते नव्हते. त्यांच्या वहीत एका जागेची रेखाटनं होती. त्यांची मुलगी कॅरोल पुढे स्टुडिओत विद्यार्थिनी म्हणून आली आणि तिने ती जागा बांधली. त्या जागेचं नाव सबरोझा पँथिऑन. वडिलांचं स्मारक, वडिलांच्याच रेखाटनावरून, मुलीच्या हातचं.

लांबून ते स्मारक वाटत नाही. पुतळा नाही, चौथरा नाही. जमिनीत रुतलेलं बांधकाम आहे, शोधल्याशिवाय दिसायचं नाही. अरुंद बोळातून आत शिरायचं. दुपारच्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढे क्षणभर काहीच उरत नाही, भिंतीला हात लावत पुढे जावं लागतं, काँक्रीट गार आणि जरा ओलसर लागतं. मग एकदम गोल खोली, आणि वर आभाळ. बस, एवढंच. बसायला जागा आहे. एका बाजूला कुजबुजलेलं समोरच्या बाजूला ऐकू जावं म्हणून नळ्या घातल्यात. गुपित सांगायची जागा म्हणून मॉकबींनी ती कल्पिली होती.

विद्यार्थिनी म्हणाली, हवा तेवढा वेळ घ्या, आणि बाहेर थांबली. दिवसभर आम्ही लोकांच्या घरांजवळून मान वळवून पुढे जात होतो. इथे पहिल्यांदा कुणाचं काही हिरावून घेत नाही असं वाटून मी निवांत बसले. एवढ्या मोठ्या माणसाचं स्मारक करायचं, तर विद्यापीठाने संगमरवर लावला असता, नाव कोरलं असतं. इथे जे आहे ते त्यांच्या शिकवण्याच्या रीतीने झालंय. कमी खर्चात, शिकणाऱ्या हातांनी, आणि आत येईल त्याला काहीतरी करायला देणारं. नुसतं पाहून निघता येत नाही. कुणीतरी समोर बसावं लागतं आणि बोलावं लागतं.

वहिनी समोर जाऊन बसल्या. नळीतून आवाज आला, "ऐकू येतंय का गं?" कानाशी बोलाव्यात इतका स्पष्ट. मी हो म्हणाले. मग थोडा वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "बाबा गेल्यावर त्यांच्या शाळेतल्या मुलांनी शाळेपुढच्या लिंबाला पार बांधला. विटा मुलांनीच वाहिल्या. माझ्या दादांनी फोटो पाठवला होता. पार मी अजून प्रत्यक्ष पाहिला नाही."

त्यांचे वडील बार्शीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. तेव्हा कोरोनामुळे नेहमीची विमानं बंद होती, वहिनींना जाता आलं नाही. हे मला माहीत होतं. पाराचं माहीत नव्हतं. पार किती उंच, कसा बांधलाय, गिलावा केलाय की विटा उघड्या, असं मी विचारत गेले, आणि त्या फोटो आठवून आठवून सांगत गेल्या. गिलावा नाही. एका बाजूची ओळ वाकडी आहे. ती कुणी लावली तेही गावात सगळ्यांना माहीत आहे. एवढं बोलणं आम्ही समोरासमोर बसून, पण एकमेकींकडे न पाहता, त्या नळीतून केलं.

बाहेर आलो तेव्हा विद्यार्थिनीने विचारलं, तुमच्याकडे विद्यार्थी बांधतात का? मी खरं तेच सांगितलं. मॉडेल करतात, साइट पाहतात, एखाद्या शिबिरात भिंत उचलतात, पण दुसरं कुणी राहायला येईल असं काही अभ्यासक्रमात बांधत नाहीत. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, परीक्षेच्या वेळापत्रकात कसं बसवायचं, परवानगी कुणाची, इथेच गाडी अडते. तिने सांगितलं की त्यांच्याकडेही हे प्रश्न आहेत. पाचव्या वर्षाच्या तुकड्या पदवी झाल्यावरही काम पुरं होईपर्यंत गावात थांबतात, कारण सत्र संपलं म्हणून छप्पर अर्धं सोडता येत नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आम्ही अडचणींची यादी करून थांबतो, त्यांनी थांबण्याची मुदत वाढवली.

पेरी लेक्स पार्कचा पूल आणि पक्षी पाहायचा शंभर फुटी मनोरा राहून गेला. तो शेजारच्या पेरी काउंटीत, मॅरियन गावाजवळ आहे. दोन्ही करायचं तर मुक्काम वाढवा, आणि पार्क खुलं आहे का ते आधी विचारा. विद्यार्थ्यांचं वर्षाचं काम एकदम पाहायचं असेल तर एप्रिलच्या शेवटाकडे पिग रोस्ट नावाचा त्यांचा वार्षिक मेळावा असतो. त्या वेळी नव्या कामांची फेरी निघते. गर्दी चालत असेल तर तेव्हा जा. मला ऑक्टोबर बरा वाटला.

दोघींचा मिळून खर्च गाडी, पेट्रोल, विमा आणि दोन रात्रींचं हॉटेल धरून साडेचारशे डॉलरच्या आत बसला. परतल्यावर स्टुडिओला आभाराचं पत्र पाठवलं आणि कोणते फोटो विद्यार्थ्यांना दाखवू शकते ते विचारून घेतलं. घरांचे फोटो मी काढलेच नव्हते. वहिनींनी डिसेंबरचं पुण्याचं तिकीट काढलंय. पुण्याहून बार्शीला मी त्यांना गाडीने नेणार आहे, आणि सोबत टेप घेणार आहे. त्या पाराचं मोजमाप मला हवंय.